तांडा, ओढा आणि अठरा हजारांची नर्सरी

एका आईचं पत्र:

"ताई, मी मराठवाड्यातल्या एका तांड्यावर राहते. नव्वदेक घरं आहेत. माझं शिक्षण बारावी. मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. अंगणवाडी गावात आहे, आमच्यापासून अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा. पावसाळ्यात पोराला पाठवताच येत नाही, एरवी सोडायला-आणायला कुणी नसतं. मदतनीसबाई महिन्यातून एकदा येऊन आहाराची पाकिटं देऊन जातात, मोठ्यालाही तीच. मध्ये काही दिवस सासूबाई त्याला घेऊन जात होत्या. तिथं आमच्या पोरांना दारापाशी बसवतात. घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा भाषा बोलतो, त्याला मराठी कमी कळतं, म्हणून तो गप्प बसायचा. सेविकाबाई सासूबाईंना म्हणाल्या, 'याच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, दाखवून आणा.' घरी तर तो दिवसभर बडबड करतो. आता आमचे मालक म्हणतात, तालुक्याला इंग्लिश मीडियमची नर्सरी आहे, व्हॅन फाट्यापर्यंत येते, वर्षाचे अठरा हजार, व्हॅनचे वेगळे. त्यासाठी ऊसतोडीच्या मुकादमाकडून यंदा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जास्त घेऊ म्हणतात. मोठा आजीजवळ राहील, धाकटी आमच्यासोबत फडात. मी काय करू? पोराचं वय निघून चाललंय असं वाटतं."

ताई,

आधी त्या 'डोक्यात काहीतरी कमी आहे' या बोलण्याचं बघू. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा घाव तोच आहे, आणि तो मनात राहिला तर बाकीचे निर्णयही त्याच धास्तीने घेतले जातील.

जो मुलगा घरी गोरमाटीत दिवसभर बडबड करतो, त्याच्या डोक्यात काही कमी नाही. चार वर्षांचं मूल अनोळखी बायकांत, दारापाशी, चपलांच्या शेजारी बसवलं आणि आजूबाजूला त्याच्या याडीची, म्हणजे आईची भाषा कुणीच बोलत नसलं, तर ते गप्पच बसणार. मोठी माणसंही परमुलखात पहिले काही महिने अशीच गप्प असतात. तुमची स्वतःची खात्री व्हावी म्हणून एवढं करून बघा. त्याला तुमच्या भाषेत एका दमात दोन कामं सांगा: आजीचा तांब्या घेऊन ये आणि येताना दार लोटून ये. काल ओढ्यावर काय झालं ते त्याला सांगायला लावा. मागून, तोंड न दाखवता, हळू आवाजात हाक मारा. हे सगळं त्याला जमत असेल तर काळजी सोडा. फक्त कान वाहत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्याची तारीख आशाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी त्याला दाखवा. तपासणी फुकट असते, पुढचे उपचार लागले तर तेही त्याच कार्यक्रमात बसतात.

सेविकाबाईंबद्दल एक सांगते, त्यांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी, वजनं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, योजनांचे अर्ज, असं सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं, आणि त्या बदल्यात पगार नव्हे, मानधन मिळतं. २०२३च्या डिसेंबरमध्ये राज्यभरातल्या सेविका याच मानधनासाठी संपावर गेल्या होत्या. पण कामाच्या ओझ्याने मूल दारापाशी बसवलं जात नाही. ते मूल कुठल्या घरचं आहे हे बघून बसवलं जातं. ही गोष्ट तुम्ही सासूबाईंकडून तारखेनिशी लिहून घ्या: कोणत्या दिवशी, कुणाला, कुठे बसवलं, काय शब्द वापरले. पुढे उपयोगी पडेल.

आता नर्सरी. माझं म्हणणं स्पष्ट आहे: उचल वाढवून त्या नर्सरीत मुलाला घालू नका.

तुमचे मालक चुकीचं काही मागत नाहीत. आपलं लेकरू कोयत्यापासून सुटावं, एवढंच त्यांच्या मनात आहे. पण त्या अठरा हजारांत काय मिळतं ते नीट बघा. तालुक्याच्या गावातल्या अशा नर्सऱ्या मी जवळून पाहिल्या आहेत. सकाळी व्हॅन तीन-चार गावं फिरून मुलं गोळा करते. एकेका बाकड्यावर चार-चार मुलं. वर्गात शिरलं की चार रेघी वही निघते आणि ए ते झेड गिरवणं सुरू होतं. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायलाही तयार झालेली नसतात. ते मूठ वळून पेन्सिल धरतं, कागद फाटतो, बाई हात धरून गिरवून घेतात. मागच्या भिंतीवर खेळणी असतात, पण ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, कारण पालक आले की दाखवायची असतात. घरी आल्यावर वहीची पानं भरलेली दिसतात आणि आईबापांना वाटतं, पोरगं शिकतंय.

दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'वाल्यांसोबत आणि युनिसेफच्या मदतीने राजस्थान, आसाम आणि तेलुगू मुलखातली जवळपास चौदा हजार मुलं वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत पाहिली. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. अंगणवाड्यांत बहुतेक ठिकाणी शिकवणं जवळपास नव्हतंच, आणि खासगी नर्सऱ्यांत पहिली-दुसरीचा अभ्यास चार वर्षांच्या मुलांवर लादलेला होता. मुलांना पुढे खरा उपयोग झाला तो खेळ, गोष्टी, गाणी, वस्तू हाताळणं आणि गप्पा जिथे होत्या तिथे. शाळा फीवाली की बिनफीची, यावर ते ठरत नव्हतं. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: तो आत्ता मराठीतच बिचकतो आहे. त्याला थेट इंग्रजीत नेऊन बसवलं तर तो दुसऱ्यांदा गप्प होईल, आणि या वेळी तुम्ही त्यासाठी कर्ज काढलेलं असेल.

उचलीचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटते. पाऊस लांबला, कारखाना उशिरा पेटला किंवा दोघांपैकी एक आजारी पडलं की फिटत नाही आणि पुढच्या हंगामावर चढते. घरात आजारपण आलं, छप्पर उडालं, तर उचल घ्यावी लागते, ते समजू शकते. चार वर्षांच्या मुलाच्या नर्सरीसाठी एक पैसाही जास्त उचलू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांमधून खासगी शाळेत फुकट प्रवेश मिळतो, त्याचे अर्ज वेळ येईल तेव्हा जरूर भरा. पण त्यात घरापासूनचं अंतर बघतात आणि सोडत असते, त्यामुळे त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

तुम्ही लिहिलंत, पोराचं वय निघून चाललंय. हे खरं आहे, आणि म्हणूनच मला राग येतो. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या नोकरदार घरातलं चार वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बालवाडी, बालरोगतज्ज्ञ, बाग, रंगीत पुस्तकांचं दुकान. तुमच्या मुलाला त्यातली एकच गोष्ट मिळण्याजोगी आहे, अंगणवाडी, आणि तीही ओढ्यापलीकडे. दोन्ही आयांची माया सारखीच आहे. फरक पडतो तो घराच्या आसपास कुणी काय आणून ठेवलंय त्याने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शातल्या घरांत ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, सगळ्यात सधन पाचव्या हिश्शात २३ टक्के. म्हणजे बरोबर दुप्पट. आणि आपल्या महाराष्ट्राचा आकडा ३५ टक्के, श्रीमंत राज्य म्हणवून घेत असताना. मुलाची उंची आपोआप खुंटत नाही. पोटातलं अन्न, वारंवारचे जुलाब, आईचं स्वतःचं उपाशी राहणं, हे सगळं त्या उंचीत उतरतं, आणि उंचीबरोबर डोक्याची वाढही मागे पडते.

कायद्यातही सहा वर्षांखालची मुलं मागेच ठेवलेली आहेत. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. सहाच्या आतल्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये एवढंच राहिलं की राज्य प्रयत्न करील. त्याचे परिणाम तुमच्या तांड्यावर रोज दिसतात. ऊसतोडीला आईबाप गेले तर शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह आहे, तिथं दोन वेळचं जेवण आहे. तुमच्या चार वर्षांच्या मुलासाठी काय आहे? आजी आहे. तुमच्या जातसमूहाचीही एक गंमतीची नव्हे तर दुःखाची गोष्ट आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. त्यामुळे आदिवासी भागासाठी अंगणवाडीचे जे सैल निकष आहेत, किंवा तिथल्या मुलांना अमृत आहार योजनेतून जे अंडं-केळं मिळतं, ते तुमच्या तांड्यापर्यंत पोहोचत नाही. भूक सारखीच असली तरी यादी वेगळी असते.

मला इथं बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली. हरिजनवाड्यातली मुलं तिकडे येईनात. कोण सोडणार, कोण आणणार, आणि तिथं गेल्यावर बाकीचे जवळ घेतील का, हे प्रश्न तेव्हाही हेच होते. तेव्हा या बायांनी मुलांनाच दोष दिला नाही. बालवाडी उचलून त्या वाड्यातल्या अंगणात नेली, तिथंच मुलांना नहाणं घातलं, गाणी म्हटली, जे हाताशी होतं त्यातून खेळ केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल येऊ शकत नसेल तर आपण तिथं जायचं, हे काम महाराष्ट्रात सत्तरऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आज तीच अंगणवाडी गावठाणात बसून तांड्यावरच्या मुलाला दारापाशी बसवते, हे मला सहन होत नाही. म्हणून तुम्ही जे मागणार आहात ते नवीन काही नाही आणि कुणाची मेहेरबानीही नाही.

मागायचं काय, तर तांड्यावर अंगणवाडी. साधा निकष चारशे ते आठशे लोकसंख्येला एक अंगणवाडी असा आहे. त्याहून लहान, दीडशे ते चारशेच्या वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद होती. नव्वद घरं म्हणजे तुमचा तांडा चारशेच्या वर सहज जातो. शिवाय अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला होता: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. ही तारीख आणि चाळीसचा आकडा अर्जात घाला.

पण मुलं मोजायची कधी, हा खरा मुद्दा आहे. सर्वेक्षणाला कुणी डिसेंबर-जानेवारीत आलं तर तांडा अर्धा रिकामा असतो. आईबापांबरोबर लहान मुलं कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत खोपीत राहत असतात. कागदावर मुलं कमी भरतात आणि कमी मुलांसाठी अंगणवाडी कशाला, असा शेरा पडतो. म्हणून टोळ्या हलण्याआधी, या पंधरवड्यात, तुम्हीच यादी करा. घर क्रमांक, आईचं नाव, मुलाचं नाव, जन्मतारीख, अंगठा किंवा सही. शक्य तिथं माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो. बारावी शिकलेल्या सुनेने एका वहीत केलेली ही यादी कुठल्याही भाषणापेक्षा वजनदार ठरते. तांड्याच्या नाईक-कारभाऱ्यांना आधी विश्वासात घ्या. त्यांनी ही वही हातात घेऊन सरपंचाकडे जाणं आणि तुम्ही एकटीने जाणं यात फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण वही तुमच्याच ताब्यात ठेवा.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथं तांड्यावरच्या पंधरा-वीस बायका गेल्या आणि ठराव मांडला, तर तो इतिवृत्तात लिहूनच घ्यावा लागतो. लिहिलेला ठराव वाचून दाखवायला सांगा, नक्कल मागा. मग तो ठराव, यादी आणि अर्ज घेऊन पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जा. एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला. दोन्हीकडे शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. जागा नाही, हे उत्तर येईल. तांड्यावर समाजमंदिर असेल तर ते सुचवा. नसेल तर वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजनेतून ते मागता येतं, आणि तोवर एखाद्या घराची ओसरीही चालते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून सतरंज्या, पाण्याचं पिंप, खेळणी मागा. गेल्या वर्षी तो पैसा कुठे गेला, हेही ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

नवी अंगणवाडी मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर जेवणाचं सोडू नका. मोठ्याला पाकीट मिळतंय, हे चूक आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण मिळायला हवं. कायदा झाला तेव्हा त्यात रोज पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं धरली होती, मूल फार अशक्त असेल तर आठशे कॅलरी. चार वर्षांच्या मुलाच्या नावावर तिथं रोज जेवण दाखवलं जात असेल आणि त्याच्या हातात महिन्याचं पाकीट पडत असेल, तर त्या नोंदी बघायला मागणं तुमचा हक्क आहे. आहार मिळालाच नाही तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे आणि तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करता येते. मधला उपाय म्हणून पर्यवेक्षिकाबाईंना लेखी विचारा, की तांड्यावरच्या तीन वर्षांपुढच्या मुलांचा शिधा तांड्यावरच शिजवायची व्यवस्था होईल का. दारापाशी बसवण्याचा प्रकार त्याच कागदात तारखेनिशी घाला. भांडणाचा सूर नको, पण एक शब्दही गाळू नका.

आता या हंगामाचं. दोघांनी जायचं ठरलंच असेल, आणि जुनी उचल असेल तर ते टळणारही नाही, तर मोठ्याला आजीजवळ ठेवणं मला बरं वाटतं. आजीची भाषा त्याची आहे, घर त्याचं आहे, रोजचं ताट ठरलेलं आहे. फक्त आजीवर सगळा भार पडू देऊ नका. तांड्यावर मागे राहणाऱ्या पाच-सहा आज्यांची लहान मुलं एकत्र एका ओसरीवर, सकाळी दोन-तीन तास बसवता येतील का बघा. कुणाच्यातरी आठवी-नववीतल्या मुलीने सुट्टीच्या दिवशी गोष्टी सांगितल्या तरी खूप. मात्र त्या मुलीची शाळा बुडता कामा नये. चार वर्षांच्या मुलाचं भलं करताना तेरा वर्षांच्या मुलीचं शिक्षण संपवायचं नाही.

तुम्ही रोज फोन कराल तेव्हा 'जेवलास का' एवढ्यावर थांबू नका. आज काय दिसलं, बकरी कुठे गेली, कोण रडलं, असं विचारा. आणि गोरमाटीतच विचारा. घरची भाषा सोडून मराठी लवकर येईल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. आपल्या भाषेत ज्याला गोष्ट नीट सांगता येते, त्याला दुसरी भाषा भराभर येते. मराठीसाठी आजीने रोज एखादं बडबडगीत म्हणायचं, गावातल्या माणसांशी बोलताना त्याला सोबत घ्यायचं, एवढं पुरे. चिंचोके, ज्वारीचे दाणे, खडे, बाटल्यांची झाकणं, चिंध्यांचं बाहुलं. मोठे-लहान वेगळे करणं, रांग लावणं, पाच मोजणं, लपवलेला खडा कोणत्या वाटीखाली आहे ते ओळखणं. बोटांना पेन्सिलीसाठी तयार करायचं काम हेच करतं.

मी हे दिलासा म्हणून सांगत नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ऐंशीच्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची, खेळणी घरच्याच वस्तूंची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी असं कुणी गेलं होतं त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पण त्यात एक गोष्ट विसरू नका: त्या आयांना दर आठवड्याला कुणीतरी येऊन मदत करत होतं, पगार घेऊन. दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या बाईने एकटीने सगळं करावं, असं त्यातून निघत नाही. म्हणून तांड्यावर सेविका हवी, हे माझं म्हणणं कायम आहे.

आणि ती सेविका कोण असेल? स्थानिक रहिवासी बाई, बारावी पास. मुलांची भाषा येणं हाही निवडीच्या नियमांत धरलेला मुद्दा आहे. ताई, तुमच्या तांड्यावर या तिन्ही गोष्टी असलेल्या किती बायका आहेत? तुमची निवड होईलच असं मी म्हणत नाही, गुणांवर ठरतं आणि वशिलेही असतात. पण बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, जातीचा दाखला एका पिशवीत घालून ठेवा आणि जाहिरात निघाली की फडातूनही अर्ज करता येईल अशी व्यवस्था आशाताईंकडे करून ठेवा. मानधन फार नाही. तरी बारमाही आहे, आणि कोयता घेऊन परमुलखात जावं लागत नाही. हे तुमच्या मालकांनाही सांगा. अठरा हजारांपेक्षा हा विचार त्यांना पटण्याजोगा आहे. उन्हाळ्यात रोजगार हमीवर गेलात तर तिथंही एक लक्षात ठेवा: कामावर आलेल्या बायकांबरोबर लहान मुलं पाच असली की त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमावं लागतं. मागितल्याशिवाय कुणी नेमत नाही.

धाकटीला सोबत नेणार आहात. ती दीड वर्षाची आहे, म्हणजे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर याच वयात येतो. निघण्याआधी तो देऊन घ्या, वजन-उंची मोजून कार्डावर लिहून घ्या, आणि ते कार्ड भांड्यांच्या पोत्यात न टाकता स्वतःजवळ ठेवा. सेविकाबाईंना सांगा की पोषण ट्रॅकरवर आमचं स्थलांतर नोंदवा. कारखान्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या गावातली अंगणवाडी शोधा आणि नाव घाला. तिथले रहिवासी नाही म्हणून मुलाला नाकारता येत नाही. "इथल्या यादीत नाव नाही" असं कुणी म्हटलं तर तिथल्या पर्यवेक्षिकेचा नंबर मागा. फडात तिला बैलांच्या किंवा ट्रॅक्टरच्या सावलीत झोपवू नका. टोळीतल्या बायकांनी आळीपाळीने एकीला खोपीवर मुलांजवळ ठेवायचं आणि तिची मजुरी सगळ्यांनी मिळून भरायची, हे काही टोळ्या करतात. उचल ठरवताना मुकादमाशी तेही बोलून घ्या, नंतर तो ऐकत नाही. एप्रिलमध्ये परत आलात की दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुलांची वजनं करा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. उतरलं असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

अर्जाची भाषा साधी ठेवा: "आमच्या तांड्याची लोकसंख्या इतकी आहे, सहा वर्षांखालची मुले इतकी आहेत (यादी सोबत जोडली आहे), सर्वात जवळची अंगणवाडी अडीच किलोमीटर अंतरावर असून पावसाळ्यात ओढ्यामुळे वाट बंद होते. टोळ्या ऊसतोडीस जाण्यापूर्वी मुलांची मोजणी करून तांड्यावर अंगणवाडी मंजूर करावी. मंजुरी मिळेपर्यंत तीन ते सहा वयोगटातील मुलांना गरम ताजा आहार तांड्यावर देण्यात यावा." खाली तारीख, जितक्या जमतील तितक्या आयांच्या सह्या. पोचेचा शिक्का मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर पुढचा कागद आपण मिळून लिहू.